दापोलीत राहून २१ किलोमीटरची तयारी: आधी तो तक्ता बाजूला ठेवा

होय, चौदा आठवडे पुरतात. पण तुम्ही इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या तक्त्याप्रमाणे गेलात तर पुरणार नाहीत. आधी गुडघा बोलेल, मग तुम्हीच कंटाळाल.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. वय ४१, दापोलीत शाळेत शिक्षिका. उन्हाळ्यापासून सकाळी चालत-पळत आता सलग ५ किलोमीटर ४१ मिनिटांत होतात. जानेवारीत रत्नागिरीला २१ किलोमीटरसाठी पैसे भरून झालेत. तक्त्यातला वेग एकदाही जमला नाही. उताराला उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं. वडिलांना पन्नाशीत अँजिओप्लास्टी झाली होती. शेवटचे दोन प्रश्न असे: शर्यतीत मधे मधे चाललं तर लोक हसतात का, आणि धावताना ताकदीसाठी खातात ती पाकिटातली गोड जेल खावीच लागतात का.

मी रत्नागिरीत फिजिओथेरपी करते आणि सकाळी नवशिक्या मंडळींच्या एका गटाला धावायला नेते. तुमच्यासारखे पुष्कळ जण येतात. जवळपास सगळ्यांच्या हातात हाच तक्ता असतो, आणि 'माझा वेग कमी पडतो' ही तक्रारही हीच.

वेग कमी पडत नाही, हवा जड पडते. धावताना शरीरात जी उष्णता तयार होते ती मुख्यतः घामावाटे बाहेर जाते, पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे सहाला हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, कोपरावरून टपकतो. टपकलेला घाम शरीराला गार करत नाही. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि तेवढ्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. तुमचा तक्ता सपाट रस्त्याच्या आणि कोरड्या, गार हवेच्या गावात बसून लिहिलेला आहे. त्यात 'किलोमीटरला साडेसात मिनिटं, सोप्या वेगाने' असं लिहिलं असेल, तर तो वेग ऑक्टोबरातल्या दापोलीत तुमच्यासाठी सोपा नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून पहिले सहा आठवडे घड्याळाचा उपयोग फक्त किती वेळ धावलात ते बघायला करा. वेग श्वासावर ठरवा. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला सोपं आहे: धावता धावता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. 'सतरा चोक अडुसष्ट' एका दमात नीट निघालं तर वेग बरोबर. 'सतरा' आणि 'चोक' यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, आणि तरीही नाही जमलं तर चाला. आठवड्यातल्या चार दिवसांपैकी तीन दिवस पाढा म्हणता आला पाहिजे. नवशिके इथेच सर्वांत जास्त चुकतात. रोजचं धावणं मध्यम-जोरात करतात. दम लागतो म्हणून वाटतं व्यायाम झाला, पण पाय ताजे कधीच राहत नाहीत.

आणखी एक. उष्ण-दमट हवेची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत बऱ्यापैकी लागते. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं. पण ही सवय दोन-तीन आठवडे खंड पडला की जाते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला नणंदेकडे जाऊन आलात की पहिला आठवडा पुन्हा जड जाईल, तेव्हा घाबरू नका.

दापोलीची गंमत वेगळीच. तुम्ही समुद्रापासून जवळ, पण वर डोंगरावर. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे पहाटे स्वेटर लागतो. शर्यत मात्र समुद्राच्या पातळीवर, किनाऱ्याच्या गावात. शिवाय तुम्हाला लागणार तीन तासांच्या वर. शर्यत पहाटे सहाला सुटली असं धरलं तरी शेवटचा तास तुम्ही नऊच्या उन्हात असाल. पावणेदोन तासांत पोचणारे सावलीत धावून घरी गेलेले असतात. हळू धावणाऱ्याची शर्यत जास्त गरम असते, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून डिसेंबरातले निदान तीन रविवार खाली उतरा. मुरूड, कर्दे, हर्णै, जिथे सोय होईल तिथे. आणि त्यातला एक रविवार मुद्दाम उशिरा, साडेसातला सुरू करा, म्हणजे शेवटचा पाऊण तास ऊन डोक्यावर घ्यायची सवय होईल. टोपी, पाणी आणि सोबत कोणीतरी असलं पाहिजे.

आता गुडघा.

तुम्ही लिहिता की सपाटीला दुखत नाही, चढाला दुखत नाही, आसूदच्या बाजूला उतरताना दुखतं, आणि शाळेचा जिना उतरतानाही थोडं जाणवतं. न बघता निदान करायचं नसतं, पण हे वर्णन ओळखीचं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि त्या ब्रेकचा सगळा दाब वाटीच्या मागच्या भागावर येतो. कोकणात सपाट रस्ता शोधूनच काढावा लागतो, त्यामुळे इथल्या नवशिक्यांना हे दुखणं फार दिसतं.

एक प्रयोग करा. उताराला धावताना स्वतःच्या बुटांचा आवाज ऐका. 'थप्प, थप्प' असा येत असेल तर पाय शरीराच्या पुढे, लांब टाकला जातोय आणि टाच जमिनीवर ब्रेकसारखी आपटतेय. पाऊल आखूड करा. मिनिटाला जेवढी पावलं पडतात त्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त पडू द्या, पाय कंबरेच्या जवळपास खाली पडू दे, आणि मागे रेलू नका. आवाज लगेच हलका होतो. बहुतेकांना त्याच दिवशी गुडघ्यात फरक जाणवतो. तीव्र उतार असेल तर सरळ चालत उतरा. आसूदची उतरण पहिला महिनाभर चालतच उतरायची.

दुसरं काम घरातलं आहे. ओटीच्या किंवा पडवीच्या एका पायरीवर उभ्या राहा, हाताला खांब किंवा भिंत. उजव्या पायावर भार ठेवून डावी टाच खालच्या जमिनीला नुसती टेकेल इतकं खाली जा. खाली जाताना मनात चार आकडे मोजा. टेकली की वर या. समोर आरसा ठेवला तर दिसेल की गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला झुकतोय. तो दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या, एखादं जाड पाटदेखील चालतं. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस. त्याला जोडून टाचा उचलण्याचा व्यायाम आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम. सगळं मिळून पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं लोक सगळ्यात आधी सोडतात आणि मग माझ्याकडे येतात.

दुखण्याचा नियम असा ठेवा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गेलेलं असलं तर चालू ठेवा. तीनच्या वर गेलं, किंवा सकाळी लंगडायला झालं, तर पुढचे दोन-तीन दिवस फक्त चालणं. सूज आली, गुडघा अडकला किंवा मधेच सुटल्यासारखा वाटला तर धावणं बंद आणि आधी हाडांच्या डॉक्टरांकडे.

शर्यतीच्या आधी किंवा मधे दुखण्याची गोळी घेऊन धावू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडावर ताण आणतात. शर्यतीत शेजारचा माणूस प्रेमाने देऊ करतो. नको म्हणा.

वडिलांच्या अँजिओप्लास्टीचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. ते मी उरकणार नाही. या वयात, घरात ही पार्श्वभूमी असताना, तयारी वाढवण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, आणि त्यांना वाटलं तर स्ट्रेस टेस्ट. सोबत हिमोग्लोबिनही बघा. बायकांचं बाराच्या खाली असलं तर ते कमी धरतात. आपल्याकडे ते कमी असलेल्या कितीतरी जणी 'मला दमच पुरत नाही' म्हणत महिनोन्महिने स्वतःला दोष देत धावत असतात. धावताना छातीत दाटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर त्या क्षणी थांबायचं. 'थोडंच राहिलंय' म्हणायचं नाही.

आता तयारीचा आराखडा. हृदय आणि फुप्फुसं पाच-सहा आठवड्यांत तुम्हाला खूश करतील. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा यांना त्याहून बराच वेळ, काही महिने लागतात. सहाव्या आठवड्यात 'आता अंगात जोर आलाय' असं वाटतं आणि माणूस एकदम वाढवतो. नडगी नेमकी तेव्हा दुखायला लागते. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं विश्रांतीने जातं. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे हट्ट चालत नाही.

आठवड्यात चार दिवस धावा. दोन दिवस छोटे, ३० ते ४५ मिनिटं, पाढा म्हणता येईल असे. एक दिवस चढाचा. रविवारी लांबचं. लांबचं धावणं किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांत मोजा. पहिल्या रविवारी ६० मिनिटं, मग ७०, मग ८०, चौथ्या रविवारी मुद्दाम खाली येऊन ५५. पुढे ९०, १००, ११५, आणि पुन्हा खाली ७५. मग १२५, १४०, १५५. हा अकरावा रविवार, शर्यतीच्या तीन आठवडे आधीचा. या दिवशी तुमचे साधारण १७ किलोमीटर झालेले असतील आणि तेवढे पुरे. तयारीत २१ पूर्ण करून बघायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातून विश्वास थोडा मिळतो आणि थकवा जास्त. त्यानंतर १००, ६०, आणि मग शर्यत. शेवटचे तीन आठवडे पाय शिवशिवतील, रिकामं वाटेल. तरी काही वाढवायचं नाही.

चढाच्या दिवसासाठी तुमच्याकडे आसूदला केशवराजाची वाट आहे, आम्हाला रत्नागिरीत हेवा वाटावा अशी. ओढ्यावरचा साकव ओलांडून पोफळीच्या बागेतून वर जाणाऱ्या पायऱ्या जोरात चढा आणि हळू चालत उतरा, असं तीन-चार वेळा. पायऱ्यांवरचं शेवाळ पूर्ण वाळल्याशिवाय जाऊ नका, आणि सकाळी देवळात येणाऱ्यांना वाट द्या.

आता मधे मधे चालण्याबद्दल. लोक हसत नाहीत, कारण मागचे सगळे चालतच असतात. फरक इतकाच की ते दमल्यावर चालतात आणि तुम्ही ठरवून चालायचं. जेफ गॅलोवे नावाचे अमेरिकन धावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावले होते. पुढे नवशिक्यांना शिकवताना त्यांनी ठरावीक वेळ धावणं आणि ठरावीक वेळ चालणं ही पद्धत रुजवली. तुमच्यासाठी चार मिनिटं धावणं, एक मिनिट झपझप चालणं, आणि तेही पहिल्या मिनिटापासून. दहा किलोमीटर सलग धावून मग चालायला लागलात तर त्याचा अर्धा फायदा गेला.

गणित करून बघा. धावताना किलोमीटरला साडेआठ मिनिटं आणि चालताना अकरा मिनिटं धरली, तर या चार-एकच्या हिशोबाने सरासरी नऊ मिनिटांच्या जरा आतच येते. २१.१ किलोमीटरला सुमारे ३ तास ८ मिनिटं. पुष्कळ शर्यतींत साडेतीन तासांची मुदत असते. तुमच्या शर्यतीची किती आहे ते आयोजकांच्या माहितीपत्रकात बघा, आणि मार्गाच्या नकाशात चढ कुठे कुठे आहेत तेही. चढ सुरू होतो तिथे धावण्याचं मिनिट असलं तरी चाला, आणि सपाटीला भरून काढा.

रस्त्याबद्दल थोडं, कारण शहरातल्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात हे नसतं. आपले रस्ते अरुंद, कडेला चिऱ्याचे गडगे, फूटपाथ नाही, आणि वळणावर एस्टी समोर येईपर्यंत दिसत नाही. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा. पण आंधळं उजवं वळण आलं की त्याच्या आधीच रस्ता ओलांडून बाहेरच्या बाजूला या आणि वळण संपल्यावर परत जा. कानात काही घालू नका. मुंबई-गोवा महामार्गावर धावायचंच नाही. पहाटे अंधारात डोक्याला टॉर्च लावा आणि उजेड पायापुढे टाका. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप असतो, ते चिऱ्याच्या रंगाचं आणि जेमतेम हातभर, अंधारात अजिबात दिसत नाही. चावलंच तर जखम कापणं, चोखणं, दोरी आवळणं यात वेळ न घालवता पाय न हलवता गाडीने सरकारी रुग्णालय गाठायचं.

रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. जाताना-येताना कायम उजव्याच कडेने धावलं की तुमचा उजवा पाय नेहमी खालच्या बाजूला पडतो. तुमचा दुखणारा गुडघा उजवाच आहे. संबंध असेलच असं नाही, पण दोन छोट्या दिवसांपैकी एक दिवस शाळेच्या मैदानावर धावून बघा, आणि मैदानावर दिशा बदलत राहा.

वाळूचंही विचारलं होतंत. ओली, घट्ट वाळू चांगली. कोरडी, पाय रुतणारी वाळू नवशिक्यांच्या पोटऱ्या आणि टाचेमागची कंडरा खराब करते. घट्ट वाळू ओहोटीलाच मिळते, आणि ओहोटी कधी हे कळायला आपल्याकडचा जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती. त्या दिवशी कर्द्याला गेलात तर धावायला जागाच नसेल. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या सुमारास, म्हणून पहाटे ओहोटी. त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस सकाळी लांबच लांब घट्ट पुळण मिळते. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. किनाऱ्यालाही समुद्राकडे उतार असतो, तेव्हा जितकं जाल तितकंच त्याच पट्ट्यातून परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखं पडेल.

खाण्याचं लोक फार अवघड करून ठेवतात. तासाच्या आतलं धावणं रिकाम्या पोटी चालतं. लांबच्या दिवशी तास-सव्वा तास आधी वाटीभर पेज, मीठ जरा सढळ हाताने. पातळ, पचायला हलकी, तांदळाची पिष्टमय ताकद आणि मीठ दोन्ही त्यात. पेज आवडत नसेल तर केळं. आदल्या रात्री कुळथाची पिठी, वालाचं बिरडं नको, पोट रस्त्यात बोलतं. मासे चालतील, पण तळलेले, तिखटजाळ नकोत, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री तिसऱ्या-कालवं तर नकोतच.

दीड तासाच्या पुढे धावायचं असेल तर मधे काहीतरी गोड लागतं. तासाला ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करा. पोटाला मानवलं तर वाढवता येतं. जेलच्या एका पाकिटात साधारण २२ ते २५ ग्रॅम असतात. जेल खावीच लागतात असं नाही. मध्यम केळ्यात तेवढंच मिळतं, पण धावताना केळं चावून गिळणं सगळ्यांना जमत नाही. माझी आवड विचाराल तर आंबापोळी. ती मुख्यतः साखरच, खिशात सपाट बसते, वितळत नाही, आणि एका घोटाबरोबर जाते. बोटभर लांबीचे तुकडे कापून बटर पेपरमध्ये गुंडाळा. चाळीस मिनिटं झाली की पहिला, मग दर अर्ध्या तासाला एक. भूक लागायची वाट बघू नका. मात्र डिसेंबरातल्या लांबच्या धावण्यात हे सगळं करून बघायचं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाल्लेली कुठलीही गोष्ट संकट असते.

पाण्यात नवशिके दोन्ही बाजूंनी चुकतात. काही पीतच नाहीत. काही प्रत्येक टेबलापाशी थांबून दोन-दोन ग्लास पितात, आणि हे दुसरं जास्त धोक्याचं. साधं पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकं जड, भ्रम, आणि वेळेवर ओळखलं नाही तर जीवावर बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शेवटच्या रेषेपाशी तपासलं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं आणि ज्यांना जास्त वेळ लागला होता त्यांना धोका जास्त. म्हणजे आपल्यासारख्या हळू मंडळींना. म्हणून एका रविवारी धावण्याआधी आणि नंतर, कपडे बदलून, अंग पुसून वजन करा. किलोभर कमी झालं तर ठीक. वजनाच्या दोन टक्क्यांहून फार जास्त घटलं तर पिणं वाढवा. वाढलं असेल तर पिणं कमी करा. बाकी तहान लागेल तसं, घोट घोट.

बाटलीत काय भरायचं? लिटरभर पाण्यात साखर सपाट सहा चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा, हे घरगुती जलसंजीवनीचं प्रमाण लक्षात ठेवा. त्यात चवीला कोकम घातलंत तर उत्तम, फक्त ते आगळ आहे की अमृत कोकम ते बघा. आगळात आधीच मीठ असतं, अमृत कोकमात साखर. त्याप्रमाणे वरचं मीठ-साखर कमी करा. आम्लपित्त असेल तर कोकम वगळा. शहाळं धावून झाल्यावर जरूर प्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, त्यामुळे घामातलं मीठ त्याने भरून येत नाही. सोलकढी जेवताना.

बुटांबद्दल दोनच गोष्टी. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्या, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवा. महागडे, तळात कार्बनची पट्टी असलेले बूट तुमच्यासाठी नाहीत. दव, चिखल, घाम यांनी बूट ओले झाले तर आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बोळे बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेत तर चिकटवलेलं सुटतं. काखेत, मांड्यांना, अंतर्वस्त्राच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन चोपडा. खाऱ्या घामाने सोललेल्या कातडीवर अंघोळीचं पाणी पडलं की कळतं. धावण्यासाठीची घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्या, तिथे काटकसर नको.

आणि कपड्यांवरून, रस्त्यावर धावण्यावरून लोक काय म्हणतील याची काळजी तुमच्या प्रश्नात मधूनमधून डोकावते. म्हणतात. आमच्या गटातल्या एकीला गडग्याआडून एक आजी रोज विचारायच्या, 'एस्टी चुकली काय गो?' पुढे ती दोन दिवस दिसली नाही तर त्याच आजी चौकशी करायला लागल्या.

शर्यतीचं थोडक्यात. आदल्या दिवशी दुपारपर्यंत रत्नागिरीत या. संध्याकाळी उशिरा एस्टीतून उतरून नंबर घ्यायला धावाधाव नको. आदल्या रात्री झोप नीट लागत नाही, कोणालाच लागत नाही. त्याच्या आदल्या रात्रीची झोप खरी कामाची. सुरुवातीला मागच्या गर्दीत उभ्या राहा. पहिले पाच किलोमीटर सगळे तुम्हाला ओलांडून जातील, त्यांना जाऊ द्या, तुम्ही पाढा म्हणा आणि चार मिनिटं झाली की चाला. ऊन वाढलं की प्यायच्या पाण्याइतकंच महत्त्व डोक्यावर आणि मानेवर ओतायच्या पाण्याला द्या. पंधरा किलोमीटरनंतर पाय जड होतील. तिथे चार-एकचं दोन-एक केलंत तरी चालेल, पूर्ण चालत सुटू नका, कारण मग पुन्हा धावायला सुरुवात करणं फार कठीण जातं. रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं फिरत राहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सर्वांत जास्त दुखतील, जिना आडवं होऊन उतरावा लागेल. ते दुखणं आपोआप जातं. आठवडाभर नुसतं चाला.

तूर्त एवढं करा: या आठवड्यात डॉक्टर आणि रक्ततपासणी, उद्यापासून पायरीचा व्यायाम, आणि रविवारी ६० मिनिटं मैदानावर किंवा आझाद मैदानाभोवतीच्या सपाट रस्त्यावर, चार-एकने. उतार आत्ता नको. दोन आठवड्यांनी गुडघा कसा आहे ते कळवा, आणि त्यात जिना उतरतानाचं दुखणं दहापैकी किती ते आकड्यात लिहा. त्यावर आसूदचा रस्ता कधी सुरू करायचा ते ठरवू.